‘अ‍ॅज’ दिसला की सिमिली? कवितेच्या प्रश्नातल्या या चुका टाळा

बारावीच्या इंग्रजीच्या पेपरात कवितेच्या ओळीतला अलंकार ओळखून तो स्पष्ट करायचा असतो, आणि रसग्रहणातही पोएटिक डिव्हायसेसवर लिहावं लागतं. वेंगुर्ला-मालवण पट्ट्यातल्या मुलांचे पेपर मी वर्षानुवर्षं तपासतो आहे आणि त्याच त्या चुका पाहून आता खरोखर जीव विटला आहे. मुलं हुशार आहेत. पण परीक्षेच्या तोंडावर मोबाइलवर फिरणाऱ्या एका पानाच्या तक्त्यावर त्यांचा सगळा भरवसा असतो. त्या तक्त्यात शब्द शोधायला शिकवतात, ओळ वाचायला नाही.

‘अ‍ॅज’ आला म्हणून सिमिली झाली नाही

रॉबर्ट साउदीची ‘द इंचकेप रॉक’ बारावीला आहे. सुरुवातीलाच ओळ येते, ‘द शिप वॉज स्टिल अ‍ॅज शी कुड बी’. एका पूर्वपरीक्षेला मी हीच ओळ दिली होती. जवळजवळ अख्ख्या गठ्ठ्यात एकच उत्तर आलं: सिमिली (उपमा), कारण अ‍ॅज हा शब्द वापरला आहे. वाक्यसुद्धा तेच, स्वल्पविरामासकट. म्हणजे सगळ्यांनी एकाच ठिकाणाहून उतरवलेलं.

पेपर वाटायच्या दिवशी ती ओळ फळ्यावर लिहिली आणि विचारलं, “जहाजाची तुलना कशाशी केली आहे?” वर्ग गप्प. मग मराठीत नेहमी पहिली येणारी मुलगी उठली. “सर, जहाजाची जहाजाशीच. म्हणजे अनन्वय.” उत्तर चुकलं होतं, तरी मला ते मनापासून आवडलं, कारण उपमान शोधायला निघालेली ती वर्गात एकटीच होती. तेवढ्यात मागच्या बाकावरून, वडील मासेमारीला जातात असा एक मुलगा म्हणाला, “सर, वारो पडलो, होडी हलणा नाय. दुसरा काय नाय.”

अगदी बरोबर. जहाज जितकं स्थिर राहू शकतं तितकं स्थिर होतं, एवढंच साउदी सांगतो. ‘अ‍ॅज’ इथे स्थिरतेचं प्रमाण दाखवतो. जहाजासमोर दुसरं काहीच ठेवलेलं नाही, त्यामुळे सिमिली नाही. आणि ‘याच्यासारखं हेच’ असा गौरवही नाही, म्हणून अनन्वयही नाही.

याच कवितेत पुढे समुद्रपक्षी ‘स्क्रीम्ड अ‍ॅज दे व्हील्ड राउंड’, म्हणजे घिरट्या घालता घालता ओरडत होते. हा अ‍ॅज वेळेचा. त्यावरही मी ‘सिमिली’ असं लिहिलेलं वाचलं आहे. खरी तुलना येते ती अगदी शेवटी. बुडणाऱ्या रोव्हरला, म्हणजे समुद्री चाच्याला, आवाज ऐकू येतो, ‘अ साउंड अ‍ॅज इफ विथ द इंचकेप बेल, द डेव्हिल बिलो वॉज रिंगिंग हिज नेल’. जणू खाली सैतान त्याच घंटेने त्याची मृत्युघंटा वाजवतो आहे. मराठीच्या पेपरात हिला आपण उत्प्रेक्षा म्हटलं असतं. इंग्रजीच्या पेपरात सिमिली लिहा. तक्त्यावर विसंबलेल्या मुलांना मात्र तिन्ही अ‍ॅज सारखेच दिसतात.

मी पोरांना दहावीचं मराठी व्याकरण काढायला लावतो. उपमेय कोणतं, उपमान कोणतं, दोघांत समान गुण कोणता, साम्यवाचक शब्द कोणता. ओळीखाली पेन्सिलीने लिहायचं, मनात नाही. उपमानाची जागा रिकामी राहिली तर सिमिली हे नाव पेपरात जाता कामा नये. बायरनच्या कवितेत ‘शी वॉक्स इन ब्यूटी, लाइक द नाइट’ अशी ओळ आहे, तिथे हे सगळे रकाने भरतात: ती, रात्र, सौंदर्य, लाइक. उपमेय आणि उपमान वेगवेगळ्या जातीचे हवेत, हेही लक्षात असू द्या. ‘रत्नागिरी इज अ‍ॅज हॉट अ‍ॅज चिपळूण’ ही दोन गावांच्या उकाड्याची तुलना आहे, सिमिली नाही. ज्यांना हे चार शब्द लिहायचाही कंटाळा येतो, त्यांनी निदान मार्क कमी पडल्यावर पेपर तपासणाऱ्याला बोल लावू नये.

अलिटरेशन डोळ्यांनी शोधू नका

माझी दुसरी कायमची तक्रार ही. मुलं स्पेलिंगमधली पहिली अक्षरं मोजतात. ‘विदाउट आयदर साइन ऑर साउंड ऑफ देअर शॉक’ या ओळीत एस या अक्षराने सुरू होणारे तीन शब्द आहेत, म्हणून तिन्हींखाली रेघ मारतात. अलिटरेशन म्हणजे शब्दांच्या सुरुवातीला तोच ध्वनी पुन्हा येणं, तेच अक्षर नव्हे. साइन आणि साउंड जुळतात. शॉक जुळत नाही, तो ‘श’ आहे. उलट, शेवटी जहाज आपटतं तिथे ‘शिव्हरिंग शॉक’ आहे. दोन्हीकडे ‘श’. ते अस्सल अलिटरेशन, आणि ते नेमकं कुणाला दिसत नाही!

यावर आपल्या हातात उत्तम साधन आहे: देवनागरी. ओळ वहीच्या समासात देवनागरीत लिहून काढा. नो आणि नाइट जुळलेले दिसतील, स्पेलिंग ‘के’ने सुरू होवो की ‘एन’ने. वन आणि वंडर जुळतील. सिटी आणि कॅट वेगळे पडतील. बायरनचे ‘क्लाउडलेस क्लाइम्स’ आणि ‘स्टारी स्काइज’ लिहिताक्षणी डोळ्यांत भरतात. फक्त ‘व’ आणि ‘ज’ इथे फसवतात. आपल्या एका ‘व’मध्ये इंग्रजीचे दोन वेगळे ध्वनी राहतात, ‘ज’चंही तसंच. तिथे ओळ मोठ्याने म्हणून पाहा.

यमकालाही हीच सवय उपयोगी पडते. मोशन आणि ओशन यांची स्पेलिंगं शेवटी वेगळी, म्हणून मुलं ‘यमक नाही’ लिहितात आणि राइम स्कीम बिघडवतात. कान लावला असता तर ‘ए ए बी बी’ आपोआप आली असती.

मराठीतला अनुप्रास मात्र जसाच्या तसा अलिटरेशनवर बसवू नका. अनुप्रासात वर्ण शब्दात कुठेही फिरून आला तरी चालतो. अलिटरेशन प्रामुख्याने शब्दाच्या सुरुवातीच्या ध्वनीचं.

घंटा आधी घंटा असू द्या

रसग्रहणात मुलं पहिल्याच वाक्यात ‘घंटा हे सद्सद्विवेकाचं प्रतीक आहे’ असं ठोकून देतात. आधी ती घंटा तिथे का आहे ते सांगा. इंचकेप रॉक हा स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यासमोरचा खराखुरा खडक आहे. भरतीला तो पाण्याखाली जातो. कविता १८०२ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा त्यावर दीपगृह नव्हतं. ते १८०७ ते १८१० या काळात बांधलं गेलं. वेंगुर्ल्यासमोर समुद्रात खडकांची बेटं आहेत, त्यांवर दीपगृह आहे. ते कशासाठी आहे हे इथल्या मुलांना सांगावं लागत नाही. कवितेतल्या मठाधिपतीने त्या खडकाजवळ बांधलेली घंटा त्याच कामाची होती, जहाजं वाचवायची.

हे कळलं तरच आयरनी (अपेक्षेच्या नेमकं उलट घडणं) कळते. ‘शेवट वाईट झाला म्हणून आयरनी’ हे उत्तर मला दरवर्षी वाचावं लागतं. वादळात कुणाचं जहाज बुडालं तर ते दुःखद आहे, आयरनी नाही. इथे रोव्हरने मठाधिपतीवरच्या आकसाने घंटा स्वतः तोडली, आणि पुढे धुक्यात वाट चुकल्यावर त्याच्याच जहाजावर कुणी म्हणतं, ‘आय विश आय कुड हिअर द इंचकेप बेल’. आता जी घंटा ऐकायला हवी आहे, तीच त्याने बुडवलेली. उत्तरात ही दोन टोकं जोडून दाखवा.

आता भराभर

जहाजाला ‘शी’ म्हटलं म्हणून पर्सॉनिफिकेशन होत नाही. खलाशी इंग्रजीत जहाजाला शीच म्हणत आले आहेत. वस्तू माणसासारखं काही करते किंवा तिला काही वाटतं, असं ओळीत असायला हवं.

फ्री व्हर्स आणि ब्लँक व्हर्स एक नव्हेत. ब्लँक व्हर्समध्ये यमक नसतं, पण वृत्त ठरलेलं असतं. फ्री व्हर्समध्ये तेही ठरलेलं नसतं. व्हिटमनची कविता फ्री व्हर्स आहे.

ऑक्झिमोरॉन म्हणजे शेजारी शेजारी ठेवलेले दोन विरोधी शब्द. विरोध पूर्ण विधानात असेल तर पॅराडॉक्स.

थीम आणि सारांश वेगळे आहेत. कवितेची गोष्ट सांगितलीत तर थीमचा मार्क मिळणार नाही.

एका ओळीत दोन अलंकार दिसले तर दोन्हींची नावं टाकून पळू नका. ‘डाउन सँक द बेल विथ अ गर्गलिंग साउंड’ यात इन्व्हर्जन (शब्दांचा उलटा क्रम) आहे आणि ऑनोमॅटोपियाही आहे. एक निवडा आणि कारण द्या. मी असतो तर ऑनोमॅटोपिया घेतला असता आणि लिहिलं असतं: गर्गलिंग या शब्दाचा उच्चारच पाण्यात बुडणाऱ्या घंटेच्या बुडबुड आवाजासारखा आहे, त्यामुळे घंटा खाली जाताना वाचकाला ऐकू येते.