फिश टँकमध्ये कंदापासून पाणवनस्पती कशा वाढवाव्यात

टँकमध्ये ठेवलेला कंद दोन-तीन आठवडे नुसता खडीवर पडून राहिला की तो मेला असं समजून लोक फेकून देतात. सुरुवातीला माझ्या हातूनही असे चांगले कंद गेले. कंद उशीर का लावतो हे समजलं की वाट पाहणं जड जात नाही.

साताऱ्याजवळ कासच्या पठारावर पावसाळ्यात उथळ डबक्यांमधून वायतुरा फुलतो. त्याचा तुरा इंग्रजी वाय अक्षरासारखा दुभंगलेला असतो, त्यावरून हे नाव पडलं. पाऊस सरून डबकी आटली की पानं वाळतात आणि कंद तेवढा मातीत पुढच्या पावसाची वाट बघत राहतो. दुकानात मिळणारा ॲपोनोजेटॉन हा वायतुऱ्याचाच जवळचा भाऊबंद. पाकिटातून आलेला कोरडा कंद अशाच झोपेत असतो. (वायतुरा सह्याद्रीतल्या मोजक्या पठारांवरच आढळतो. तिथला कंद टँकसाठी उपटून आणू नका. दुकानात वाढवलेले कंद हवे तेवढे मिळतात.)

विकत घेताना कंद पाकिटावरूनच हलके दाबून पाहा. तो ताज्या बटाट्यासारखा घट्ट लागला पाहिजे. दबणारा किंवा कुजका वास येणारा कंद स्वस्तात मिळाला तरी नको. घरी आणल्यावर धुऊन एका वाडग्यात पाणी घेऊन त्यात सोडा. नळाचं पाणी असेल तर त्यात आधी अँटी-क्लोरीनचे थेंब टाका. काही कंद तरंगतात, ते काही दिवसांत पाणी पिऊन आपोआप बुडतात. त्यांना दोऱ्याने दगड बांधायची घाई करू नका.

कंद बुडाला की टँकमध्ये ठेवा. इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. आपल्याला बी पेरायची सवय, म्हणून कंदही खडीत खोल पुरला जातो आणि आतल्या आत कुजतो. बारीक खडीचा दोन-अडीच इंचांचा थर पुरेसा आहे. त्यावर कंद ठेवून फक्त खालचा तिसरा हिस्सा रुतेल इतकाच दाबा. डोळा किंवा बारीक कोंब दिसत असेल तर ती बाजू वर ठेवा. वरची बाजू कोणती ते कळत नसेल तर आडवा ठेवा, कोंब उजेडाकडे स्वतःच वळतो.

पाण्याचं तापमान २४ ते २८ अंश असावं. उजेड दिवसाला सात-आठ तास पुरतो. पानंच नसलेल्या कंदाला जास्त उजेडाचा काही उपयोग नसतो, त्यावर शेवाळ तेवढं माजतं. खतही आत्ता नको. पहिली पानं येईपर्यंत कंद स्वतःच्या साठ्यावर जगतो. मुळं खडीत शिरली की मुळांशी खताची एक गोळी खोचा. पाणी मात्र आठवड्याला पाव टँक बदलत राहा.

आणि रोज उचलून बघू नका. नुकती फुटलेली मुळं केसासारखी नाजूक असतात. कंदावर पांढरी बुरशी दिसली तर हलक्या हाताने पुसून टाका. आतून घट्ट आहे तोवर काळजीचं कारण नाही. मऊ पडून वास मारू लागला तर मात्र लगेच काढा, नाहीतर पाणी नासेल. टँकमध्ये गोल्डफिश असतील तर ते खडी उकरतात, म्हणून पाच-सहा पानं येईपर्यंत कंद वेगळ्या बरणीत वाढवलेला बरा.

ॲपोनोजेटॉनला साधारण एक ते तीन आठवड्यांत कोंब येतो आणि मग तो झपाट्याने वाढतो. टायगर लोटसची तऱ्हा वेगळी. त्याच्या कंदातून देठावर छोटं रोप निघतं. त्याला तीन-चार पानं आणि मुळं आली की अलगद तोडून वेगळं लावा, त्याच कंदाला पुन्हा रोप फुटतं. त्याची पानं पृष्ठभागाकडे धावू लागली की देठ मुळाशी कापा, म्हणजे झुडूप पाण्याखाली भरगच्च राहतं.

सगळ्यात सावकाश क्रिनम. त्याचा कंद कांद्यासारखा असतो आणि कांद्यासारखीच मान खडीच्या वर ठेवायची असते. एकेक पान यायला कित्येक आठवडे लागतात आणि जागा बदललेली त्याला सोसत नाही. एकदा नीट विचार करून कोपरा ठरवा आणि तिथेच ठेवा. पुढे त्याची पानं टँकच्या लांबीइतकी होऊन पाण्याच्या प्रवाहात डोलतात. माझ्या मते त्या एका दृश्यासाठी वर्षभर थांबणं सार्थ आहे.

काही महिने भरभरून वाढल्यावर ॲपोनोजेटॉनची नवी पानं लहान येऊ लागतात, जुनी विरघळतात. हा रोग नाही, झाड पुन्हा झोपायला निघालं आहे. पानं कापा आणि कंद दोन-तीन महिने आहे तिथेच राहू द्या. त्याच्याशेजारी एक छोटा दगड खुणेला ठेवा, म्हणजे खडी साफ करताना नळीचा धक्का त्याला लागणार नाही.