एक्झॉस्ट बदलायचंय? मराठवाड्यातल्या स्पोर्ट्‌स कारवाल्याची तयारी

दुकानात फोन करण्याआधी गाडी घेऊन हायवेला जा आणि टॉप गिअरमध्ये ताशी 80, 100 आणि 120 ला काटा किती आरपीएम दाखवतो ते शेजारी बसलेल्याला लिहून घ्यायला सांगा. पुढचे बरेचसे निर्णय या तीन आकड्यांवर ठरतात. बहुतेक जण सुरुवात करतात ती व्हिडिओ बघून. तो आवाज उभ्या गाडीला रेस देऊन, मागे माइक धरून घेतलेला असतो. तुम्ही मात्र आत बसणार आहात, आणि जालन्याहून नागपूरकडे निघालात तर समृद्धीवर तासन्‌तास एकाच वेगाने जाणार आहात.

कारण असं आहे. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला दोन स्फोट होतात. 2400 आरपीएम म्हणजे सेकंदाला 40 फेरे, म्हणजे 80 हर्ट्‌झचा जाड सूर. केबिनची आणि डिकीची पोकळी नेमकी याच्या आसपास घुमली, की जो त्रास सुरू होतो त्याला ड्रोन म्हणतात. तो कानापेक्षा डोक्यात जास्त भरतो. मागे बसलेली आई अर्ध्या तासात ‘बाबा, काच उघड’ म्हणते आणि काच उघडून काही फरक पडत नाही. पुढे जोरात रेस दिली की तोच एक्झॉस्ट सुंदर गातो, पण रोजच्या चालवण्यात आपण तिथे असतो किती वेळ? म्हणून विकणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारा : माझ्या 120 च्या आरपीएमला, अर्धवट दाबलेल्या ॲक्सिलरेटरवर, हा कसा वाजतो? उत्तर गोलमोल आलं तर पुढे जाऊ नका. तोच सेट लावलेली, तुमच्याच मॉडेलची गाडी शोधा, मालकाला विनंती करा आणि तासभर मागच्या सीटवर बसून या. जमलं तर सकाळी थंड इंजिन सुरू होतानाही ऐका. पहिला मिनिटभर इंजिन जास्त आरपीएमवर चालतं आणि कॉलनी उठते ती तेव्हाच.

मधला रेझोनेटर (ठरावीक सूर दाबणारा, नळीच्या मधला डबा) काढून सरळ नळी टाकणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे, आणि ड्रोन बहुतेकदा त्यातूनच येतो. माझा सल्ला, रेझोनेटर राहू द्या. ड्रोन आधीच असेल तर मुख्य नळीला बंद टोकाची एक बाजूनळी जोडून तो मारता येतो. तिची लांबी त्या सुराच्या तरंगलांबीच्या चौथ्या हिश्श्याएवढी लागते. 80 हर्ट्‌झला, गरम वायूतला ध्वनीचा वेग धरला तर, ती सव्वा ते दीड मीटरच्या घरात जाते. एवढी जागा गाडीखाली आहे का, हे रॅम्पवर चढवूनच कळेल.

आता कुठून कुठपर्यंत बदलायचं? ॲक्सल-बॅक म्हणजे फक्त शेवटचा मफलर (आवाज दाबणारा मागचा डबा), कॅट-बॅक म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या भागाच्या, म्हणजे ‘कॅट’च्या) मागचं सगळं. त्याच्या पुढे जाऊ नका. कॅट काढायचा नाही, आतून पोकळही करायचा नाही. पीयूसी बिघडते, मागचा ऑक्सिजन सेन्सर खोटं पकडतो, चेक इंजिनचा दिवा लागतो, आणि तुमच्या मागे दुचाकीवर असलेल्याच्या नाकात ते सगळं जातं. ताकदीचं म्हणाल तर आजच्या टर्बो गाडीत नुसत्या कॅट-बॅकने फार काही वाढत नाही. टर्बो नसलेल्या इंजिनाला उगाच मोठ्या व्यासाची नळी टाकली तर वायूचा वेग मंदावतो आणि खालचा टॉर्क उलट कमी होतो. कुणी मोठा आकडा सांगितला तर त्याच डायनोवर (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर), एकाच दिवशी काढलेले आधीचे आणि नंतरचे ग्राफ मागा. डिसेंबरची सकाळ आणि बेचाळीस अंशांची मेची दुपार यांची तुलना काही कामाची नाही.

धातूबद्दल थोडक्यात. 409 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलला चुंबक चिकटतो, 304 ला जवळजवळ नाही (वाकवलेल्या जागी किंचित ओढतो, तेवढ्यावरून दुकानदाराला खोटं ठरवू नका). कोकणासारखी खारी हवा आपल्याकडे नाही, त्यामुळे बजेट कमी असेल तर 409 चालतं. पैसे असतील तर 304 घ्या. टायटॅनियम हलकं असतं, पण ट्रॅकवर न जाणाऱ्या गाडीसाठी तो खर्च मला पटत नाही. वजन कमी होतं असा दावा असेल तर जुनं आणि नवं दोन्ही मोंढ्यातल्या एखाद्या आडतीच्या काट्यावर ठेवून बघा.

तयार सेट न घेता बनवून घेणार असाल तर छत्रपती संभाजीनगरला वाळूज, चिकलठाण्याकडे टिग वेल्डिंगचे (आर्गॉन वायूच्या आवरणात करायच्या वेल्डिंगचे) चांगले हात आहेत. फक्त काम बाहेरून बघून पास करू नका. जोड देण्याआधी एक नमुना तुकडा मागा आणि टॉर्च मारून वेल्ड आतून बघा. आतून आर्गॉन न सोडता स्टेनलेस जोडलं तर शिवणीच्या मागे करपलेल्या काकवीसारखे काळे, खडबडीत दाणे येतात. तिथे वायू अडखळतो आणि चीर तिथूनच सुरू होते. वळणंही बघा : मँड्रेलवर (आतून आधार देणाऱ्या दांड्यावर) वाकवलेली नळी वळणात गोलच राहते, साध्या बेंडिंगमध्ये आतल्या बाजूने चपटते.

कायदा शेवटी वाचू नका, ॲडव्हान्स देण्याआधी वाचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 बद्दल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केलं आहे, की उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. कलम 190 खाली आवाज आणि धुराचे निकष मोडले तर पहिल्याच वेळी 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय लायसन्स तीन महिने अपात्र. त्यामुळे गाडीच्या कंपनीने स्वतः तुमच्या मॉडेलसाठी दिलेला सेट हा सगळ्यात कमी जोखमीचा मार्ग. बाहेरचा सेट घ्यायचा असेल तर एमएच 20 असो की 24 की 26, आपल्या आरटीओत आधी विचारा, विमा कंपनीला लेखी कळवा, आणि वॉरंटीबद्दल सर्व्हिस सेंटरकडून ईमेलवर उत्तर घ्या. नळीवरचा युरोपचा ई-मार्क (तिथल्या मंजुरीचा शिक्का) दर्जाची खूण म्हणून चांगला, पण तो दाखवून इथली पावती टळत नाही. आणि कायदा बाजूला ठेवला तरी घाटी रुग्णालयासमोरून, शाळेसमोरून एक्झॉस्टचे फटाके फोडत जाणं चुकीचंच आहे. ऊस हंगामात बीड-धाराशिवकडच्या रस्त्यांवर बैलगाड्या असतात. बिथरलेली जोडी गाडीवानाला आवरत नाही.

खालची उंची मोजताना चार माणसं आणि सामान गाडीत बसवा. आपल्या गावोगावच्या फाट्यांवरचे गतिरोधक मापात बसवलेले नसतात. नवा मफलर जुन्यापेक्षा बोटभर जरी खाली आला तरी पहिला घाव त्यालाच बसेल.

बसवण्याच्या आदल्या संध्याकाळी जुन्या नटबोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. नवे गॅस्केट आणि नवे रबर हँगर हाताशी असू द्या, कारण इथल्या उन्हाने आणि उष्णतेने जुन्या रबरांना बहुधा चिरा गेलेल्या असतात. काढलेली हीट शील्ड (गरम नळीवरचा संरक्षक पत्रा) परत लागली की नाही हे स्वतः वाकून बघा. मिस्त्री ‘लागत नाही दादा, खडखड करते’ म्हणेल, तरी लावायला लावा. ती नसेल तर शेतात गेल्यावर पाचटावर किंवा कडब्यावर उभी केलेली गाडी आग लावू शकते, आणि असली तरी तिथे गाडी लावूच नये.

पहिल्या प्रवासात नळीवरचं तेल जळून थोडा धूर आणि वास येतो, तो थोड्याच वेळात थांबतो. शे-दोनशे किलोमीटर झाले की गाडी पूर्ण थंड करून सगळे क्लॅम्प एकदा आवळून घ्या. जुना सायलेन्सर मात्र गॅरेजमध्ये सोडू नका. बोल्टांसकट गुंडाळून घरी आणा, गाडी विकताना किंवा आरटीओने सांगितलं तर तोच परत लावावा लागेल.