चोरकप्प्याची पेटी आणि पावसाळ्याचा हिशेब

साल-कुसूचा सांधा (एका लाकडाचे टोक दुसऱ्याच्या भोकात बसवणे), खोबण आणि रंधा यांवर हात बसलेला असेल, तर चोरकप्प्याच्या कामाकडे वळण्यात फारसे धाडस नाही. धाडस आहे ते पहिली पेटी उन्हाळ्यात पूर्ण करून लगेच विकण्यात. सांगली-मिरजेच्या कोरड्या एप्रिलमध्ये बोट लावताच सरकणारी, चोरकप्पा झाकणारी सागवानी पट्टी जुलैमध्ये तसूभरही हलत नाही. माझी एक पेटी गिऱ्हाइकाने शेवटी पटाशी घालून उघडली, आणि ते मला आजही सलते.

लाकूड लांबीला जवळजवळ फुगत नाही, रुंदीला फुगते. आतला ओलावा 6 टक्क्यांनी वाढला, तर 20 सेंटिमीटर रुंदीची साधी कापलेली सागवानी फळी सुमारे 2 मिलिमीटरने रुंदावते, आणि सरकपट्टीला आपण मोकळीक देतो ती मिलिमीटरच्या अंशाएवढी. म्हणून पट्टीचे रेषे सरकण्याच्या दिशेने ठेवू नयेत. ते एका खोबणीकडून समोरच्या खोबणीकडे जावेत, म्हणजे दोन खोबणींमधले माप लाकडाच्या लांबीचे होते आणि ऋतू बदलला तरी टिकते. उलट दिशा डोळ्यांना सुबक दिसते, आणि नवशिका नेमका तिथेच फसतो, म्हणून पुन्हा सांगतो: रेषे खोबणीकडून खोबणीकडे. जाडीतली वाढ उरते, परंतु पातळ पट्टीत ती किंचित फट आणि मेणाचा हात यांवर निभावते. रुंद फळी टाळता येत नसेल, तर वाढवलयांना काटकोनात कापलेली घ्यावी. तिचे फुगणे जवळपास निम्मे असते.

जपानमधील हाकोने परिसरातल्या हिमित्सु-बाको पेट्यांत बाजूच्या फळ्या ठरलेल्या क्रमाने थोड्या थोड्या सरकवल्या की झाकण सुटते. नवशिक्याने तिथे चार-पाच चालींवर थांबावे; चालींची संख्या वाढवून कौशल्य सिद्ध होते, असे मला वाटत नाही. अठराव्या शतकात जर्मनीतील डेव्हिड रोंटगेन यांनी चावी फिरवताच लपलेले खण बाहेर येणारी मेजे राजघराण्यांसाठी घडवली. ती पाहावीत, पण नक्कल करू नये. कपाटाच्या खोलीपेक्षा खण आखूड करून त्यामागे जागा राखणे हा साधा उपाय आपल्याकडच्या बहुतेक गिऱ्हाइकांना पुरतो, मात्र खणाची आतली खोली कपाटाच्या बाहेरच्या खोलीशी ताडून पाहणारा चाणाक्ष माणूस तो ओळखतो.

लोहचुंबकाच्या खटक्याबद्दल माझे मत कडवट आहे. तो लवकर बसतो, म्हणून शिकणारा सांध्याचा विचारच सोडून देतो. गुरू शोधायचा असेल, तर चित्रफितींपेक्षा मिरजेतील सतार-तंबोरे घडवणाऱ्यांच्या दारात बसावे. लाकूड मुरवण्यातला संयम तिथे दिसतो, जरी तोंडाने कोणी फार काही शिकवणार नाही.

पहिली दोन-तीन कामे अडली तर घाबरू नये. पेटी फोडावी लागली तरी लाकूड वाया जात नाही. एक पेटी मात्र पूर्ण पावसाळा स्वतःजवळ ठेवून दर पंधरवड्याला उघडून पाहावी, आणि गिऱ्हाइकाला देण्याआधी तळाची एक फळी स्क्रूने काढता येईल अशी ठेवून ती जागा त्याला लिहून द्यावी.