ब्राउझरमधलं डीआरएम चालू-बंद कसं करायचं

आईच्या जुन्या लॅपटॉपवर हौसेने लिनक्स टाकून दिलं, रात्री साडेआठला तिने मालिका लावली तर व्हिडिओच्या जागी नुसता काळा चौकोन, आणि वर एक पट्टी की डीआरएम चालू करा. आई म्हणाली आधीचंच बरं होतं. तर हे काय प्रकरण आहे ते सांगतो.

कॉपी होऊ नये म्हणून ओटीटीवाले व्हिडिओ कुलूप लावून पाठवतात, ह्यालाच डीआरएम म्हणतात, आणि ते कुलूप उघडायला ब्राउझरला एक वेगळा तुकडा लागतो, फायरफॉक्स आणि क्रोममध्ये बहुतेक वेळा गूगलचं वाइडवाइन. ह्याचा सोर्स कोड बंद आहे, म्हणजे फायरफॉक्स कितीही ओपन असला तरी हा एक डबा आत काय करतो ते बाहेरच्या कोणाला वाचता येत नाही. असं कुलूप ब्राउझरमध्ये उघडण्यासाठीचं ईएमई नावाचं स्टँडर्ड डब्ल्यूथ्रीसीने (वेबचे नियम ठरवणारी संस्था) सप्टेंबर 2017 मध्ये मंजूर केलं तेव्हा ईएफएफ ही डिजिटल हक्कांसाठी लढणारी सदस्य संस्था त्याच दिवशी राजीनामा देऊन बाहेर पडली, एवढा वाद होता. पण आईला मालिका बघायचीय त्याचं काय!

फायरफॉक्समध्ये उजवीकडच्या तीन रेघा, सेटिंग्ज, जनरल, मग खाली स्क्रोल करत जा, डीआरएमचा एक चौकोन दिसेल. टिक केलं की वाइडवाइन मागच्या मागे डाउनलोड होतं, मिनिटभर थांबा, लगेच रिफ्रेश मारून शिव्या देऊ नका (मी दिल्या). टिक काढली की उतरवलेली फाइलसुद्धा डिलीट होते, नुसती झोपत नाही, हे मला आवडलं. अ‍ॅड-ऑन्समध्ये प्लगइन्स उघडलं की तिथे वाइडवाइन दिसतं, शेजारी ओपनएच264 पण असतं, ते व्हिडिओ कॉलसाठी आहे, त्याला हात लावू नका.

क्रोममध्ये वाइडवाइन आधीपासूनच असतं, प्रायव्हसी, साइट सेटिंग्ज, मग प्रोटेक्टेड कंटेंट असं शोधत जावं लागतं. ब्रेव्ह नावाचा ब्राउझर पहिल्यांदा विचारतो, मग टाकतो. हीच पद्धत खरं तर बरोबर, आधी विचारा ना.

बंद ठेवलं तर काय अडतं? ओटीटी आणि काही म्युझिक साइट. यूट्यूबचे नेहमीचे व्हिडिओ, बातम्या, बँक, सगळं चालतं, मी स्वतः बंदच ठेवतो.

आईसाठी शेवटी दोन प्रोफाइल केले, कारण फायरफॉक्समध्ये हे सेटिंग प्रोफाइलप्रमाणे वेगळं राहतं. अ‍ॅड्रेस बारमध्ये अबाउट, कोलन, प्रोफाइल्स असं इंग्रजीत टाइप करा, नवीन प्रोफाइल बनवा, फक्त त्यात टिक करा. डेस्कटॉपवर दोन आयकॉन ठेवलेत, एकाचं नाव "मालिका", दुसऱ्याचं "बँक वगैरे". आई दोन्ही कामं मालिकामध्येच करते.