उझबेकिस्तानला निघताय? मग या चुका टाळा

उझबेकिस्तानची सहल बिघडते ती बहुधा घरीच, जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून बसल्यावर. ताश्कंद, समरकंद, बुखारा, खिवा. चार नावं, प्रत्येकी दोन रात्री, झाला कार्यक्रम. कागदावर झकास दिसतो. पण ही शहरं साधारण एका ओळीत पूर्वेकडून पश्चिमेकडे पसरलेली आहेत आणि खिवा पार टोकाला, किझिलकुम वाळवंटाच्या पलीकडे आहे. ओळीने बघत गेलात तर सगळ्यात लांबच्या गावात पोहोचेपर्यंत पाय गळालेले असतात आणि परतीचं विमान मात्र ताश्कंदहून असतं. म्हणजे आलो तेवढं सगळं अंतर पुन्हा कापायचं.

म्हणून उलटं करा. ताश्कंदला उतरलात की देशांतर्गत विमानाने थेट उर्गेंच गाठा. तिथून खिवा साधारण पस्तीस किलोमीटर, टॅक्सीने तासाभराच्या आत. मग खिवा, बुखारा, समरकंद करत रेल्वेने ताश्कंदकडे सरकायचं. यात प्रवास तर वाचतोच, पण माझ्या मते खरा फायदा वेगळा आहे. समरकंदच्या रेगिस्तान चौकात एकदा उभं राहिलं की पुढचं सगळं लहान वाटायला लागतं. आधी समरकंद पाहून खिव्याला गेलेली मंडळी "ठीक आहे, छोटंसंच आहे" म्हणत परततात. खिव्यावर हा अन्याय आहे. ते आधीच बघावं, डोळे ताजे असताना.

आणि खिव्यात मुक्काम करायचा तो तटबंदीच्या आत, इचान कालात. १९९० साली जागतिक वारशाच्या यादीत गेलेलं हे देशातलं पहिलं ठिकाण. पैसे वाचवायला बरेच जण उर्गेंचला राहतात आणि नेमका दुपारच्या उन्हात, गटांच्या गर्दीत खिवा बघतात. खिव्याची मजा गट निघून गेल्यावर आहे. कल्टा मिनोर हा बुटका, जाडजूड, निळ्या-हिरव्या फरशांनी मढवलेला मिनार आहे. १८५०च्या दशकात खानाचा मृत्यू झाला आणि काम अर्धवट राहिलं ते राहिलंच. संध्याकाळी त्याच्या पायथ्याशी मुलं खेळत असतात आणि पर्यटक जवळपास नसतात. जुमा मशिदीत दोनशेहून जास्त लाकडी खांब आहेत, प्रत्येकावरचं कोरीव काम वेगळं. तिथे सकाळी लवकर जा. छतातल्या झरोक्यांतून तिरपी उन्हं आत येतात तेव्हा कोरीव काम नीट दिसतं. भर दुपारी नुसता अंधार वाटतो. फक्त सामान हलकं ठेवा, कारण गल्ल्या अरुंद आहेत आणि दगडी फरशीवर बॅगेच्या चाकांची परीक्षा होते.

रेल्वेची तिकिटं

सगळ्यात महागात पडणारी चूक इथली. ताश्कंद-समरकंद-बुखारा मार्गावर आफ्रोसियोब नावाची वेगवान गाडी धावते. २०११ साली ती समरकंदपर्यंत सुरू झाली, २०१६मध्ये बुखाऱ्यापर्यंत गेली. ताश्कंद ते समरकंद दोन-सव्वादोन तासांत. गाडी उत्तम, वेळेची पक्की, आणि म्हणूनच एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तिची तिकिटं भराभर संपतात. "तिथे गेल्यावर बघू" हा आपला लाडका मंत्र या मार्गावर चालत नाही. रेल्वेच्या अधिकृत संकेतस्थळावर किंवा ॲपवर विक्री सुरू होण्यावर नजर ठेवा आणि हॉटेलच्या आधी गाडी पक्की करा. हॉटेल मागाहून मिळतं.

तिकीट मिळालंच नाही तर? एक, शार्क नावाची गाडी बघा. थोडी हळू आहे, पण आरामात पोहोचवते. दोन, रद्द झालेली तिकिटं परत विक्रीला येतात, त्यामुळे आदल्या दोन-तीन दिवसांत पुन्हा पुन्हा बघत राहा. तीन, सामायिक टॅक्सी. ताश्कंद-समरकंद रस्ता चार-पाच तासांचा आहे, ज्येष्ठ मंडळी सोबत असतील तर मधे एक थांबा ठरवूनच घ्या. खिवा-बुखारा हा टप्पा मात्र लांबच. रस्त्याने साडेचारशे किलोमीटरच्या आसपास वाळवंट तुडवायचंय. त्या दिवशी दुसरं काहीही ठरवू नका.

दोन बारीक गोष्टी. ताश्कंदला उत्तर आणि दक्षिण अशी दोन स्टेशनं आहेत, तिकिटावर कोणतं आहे ते वाचा. बुखाऱ्याचं स्टेशन जुन्या शहरात नाही, बाजूच्या कागान गावात आहे. बाहेर पडल्यावर टॅक्सीवाल्यांचा घोळका अंगावर येतो आणि तोंडाला येईल तो भाव सांगतो. टॅक्सी बोलावायचं यांडेक्सचं ॲप फोनमध्ये आधीच घेऊन ठेवलं असेल तर ही घासाघीस टळते.

नाव, व्हिसा आणि ती चिठ्ठी

भारतीय पासपोर्टवर ई-व्हिसा काढावा लागतो. तो फक्त सरकारी संकेतस्थळावरून काढा, कारण हुबेहूब तसंच दिसणारी आणि वर भरमसाट पैसे उकळणारी संकेतस्थळं बरीच आहेत. आपल्याकडची खास अडचण म्हणजे नाव. मराठी माणसाच्या पासपोर्टवर स्वतःच्या नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं आणि अर्जात ते सर्रास गाळलं जातं. पासपोर्टवर जसं आहे तस्संच भरा, व्हिशात आणि रेल्वेच्या तिकिटातही. चूक नंतर लक्षात आली तर विमानतळावर हुज्जत घालण्यापेक्षा वेळेत नवा अर्ज केलेला बरा.

परदेशी पाहुण्याची मुक्कामाच्या ठिकाणी नोंदणी करावी लागते. हॉटेल ती आपोआप करतं, पण सोडताना त्याची चिठ्ठी मागून घ्या आणि पासपोर्टमध्ये ठेवा. कुणाच्या घरी किंवा भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणार असाल तर नोंदणी कोण करणार, हे आधीच विचारा. "हो हो, होऊन जाईल" या उत्तरावर थांबू नका.

आता औषधं. हा मुद्दा आई-बाबांना घेऊन जाणाऱ्यांसाठी आहे. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रामाडोल असलेली वेदनाशामकं, झोपेच्या काही गोळ्या यांवर तिथे कडक निर्बंध आहेत. आपल्याकडे गोळ्या स्ट्रिपमधून कापून छोट्या डबीत भरायची सवय असते. ती इथे सोडा. मूळ पाकीट, सोबत डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी, आणि शंका असेल ते औषध नेऊच नका, डॉक्टरांकडून पर्याय लिहून घ्या. ड्रोन तर घरीच ठेवायचा, तो देशात नेता येत नाही.

"मटण बाजूला काढून देतो"

शाकाहारी मंडळींची फसगत प्लोवने होते. भला मोठा कढया, त्यात तांदूळ, पिवळी गाजरं, चणे, बेदाणे, आणि वर मांसाचे तुकडे. वाढपी अगदी प्रेमाने म्हणतो, मटण बाजूला काढून देतो. पण तो भात मांसासोबतच शिजलेला असतो, पुष्कळदा मेंढीच्या शेपटीच्या चरबीत. भोपळ्याचा सोम्सा, म्हणजे तिथला समोसा, दिसायला निर्धोक, पण त्यातही चरबीचे तुकडे असू शकतात. सूपचं पाणी बहुतेक वेळा हाडांचंच. "गोश्तसिझ", म्हणजे मांसाशिवाय, हा शब्द लगेच समजतो, पण चरबीबद्दल वेगळं विचारावं लागतं. मांसाहारींनीही एक विचारून घ्यावं: गोमांस सर्रास असतं, आणि ताश्कंदच्या प्लोववरचे काळपट चकत्यांसारखे तुकडे घोड्याच्या मांसाचे असू शकतात.

उपाशी मात्र कुणी राहत नाही. तंदुरातला जाड, चकाकता नान, टोमॅटो-कांद्याची अचिचुक कोशिंबीर, घट्ट दही, टरबूज-खरबुजं, आणि समरकंदच्या सियाब बाजारातले जर्दाळू-अक्रोड. खिव्यात शिविट ओशी नावाच्या शेपूच्या हिरव्यागार शेवया मिळतात, वरचा मांसाचा रस्सा न घेता दह्यासोबत मागा. आपल्याकडे शेपूला नाकं मुरडणारेही तिथे ताट पुसून खातात. प्लोव खायचाच असेल तर दुपारी बारा-एकला जा. सकाळपासून शिजवलेला कढया एकदा संपला की संपला, रात्री मिळतो तो बहुधा पर्यटकांसाठीचा. आणि नान टेबलावर पालथा ठेवू नका, यजमानांना ते अवमानकारक वाटतं.

पैसे आणि खरेदी

एका डॉलरला बारा हजारांच्या आसपास सोम येतात, त्यामुळे शून्यांचा गोंधळ ठरलेला. दुकानदार बोलताना हजार गाळतो. "पन्नास" म्हणजे पन्नास हजार. हिशेबाला सोपं म्हणून मोबाईलमध्ये आकडा लिहून दाखवायला सांगा. डॉलरच्या नोटा कोऱ्या, न मुडपलेल्या न्या. कपाटातून काढलेली, पेनने आकडा टाकलेली जुनी नोट बँक परत करते. रस्त्यावरच्या बदलीची गरज २०१७नंतर उरलेली नाही, दर बँकेतच ठीक मिळतो.

बुखाऱ्याच्या घुमटाकार बाजारपेठांत सुझनी, म्हणजे भरतकामाचे पडदे-चादरी, हारीने टांगलेल्या असतात. "हॅन्डमेड" सगळेच म्हणतात. कापड उलटं करून बघा. हाताच्या कामात मागच्या बाजूला धाग्याच्या गाठी आणि थोडा गबाळेपणा असतो, यंत्राचा टाका सगळीकडे एकसारखा. जुन्या पद्धतीची मोठी सुझनी अरुंद पट्ट्यांची करतात: नक्षी आधी पूर्ण काढायची, पट्ट्या सुट्या करून घरातल्या वेगवेगळ्या बायकांनी भरायच्या आणि मग पुन्हा जोडायच्या. त्यामुळे जोडावर एखादं फूल अर्ध्या बोटाने सरकलेलं दिसतं, एका पाकळीचा लाल रंग शेजारच्या लालपेक्षा जरा वेगळा असतो. ते व्यंग समजून भाव पाडायला जाऊ नका, किंमत त्याचीच आहे. मात्र पन्नास वर्षांहून जुनी वस्तू परवानगीच्या कागदांशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. दुकानदार "शंभर वर्षं जुनी" म्हणाला तर खूश होण्याआधी कागद मागा.

समरकंद घाईत उरकू नका

रेगिस्तानला एकदाच जाऊन येणं ही चूकच. पश्चिमेकडचा उलुगबेग मदरसा पूर्वाभिमुख आहे, त्याच्यावर सकाळचं ऊन पडतं. समोरच्या शेरदोर मदरशावर वाघ आणि त्याच्या पाठीवर माणसाच्या चेहऱ्याचा सूर्य आहे, तो उजळतो संध्याकाळी. एकाच वेळी दोन्हींचे फोटो काढायला गेलं की एक नेहमी काळवंडलेला येतो. उलुगबेग हा पंधराव्या शतकातला समरकंदचा खगोलशास्त्रज्ञ राजा, आणि त्याची वेधशाळा बरेच जण वगळतात. वर फारसं काही उरलेलं नाही हे खरं, पण जमिनीखाली गेलेला तो प्रचंड वक्र मापक बघाच. सवाई जयसिंहाने जंतरमंतर उभारताना याच उलुगबेगच्या कोष्टकांचा आधार घेतला होता.

महिना निवडतानाही सांभाळा. जून अखेर ते ऑगस्टच्या सुरुवातीच्या दिवसांना तिथे चिल्ला म्हणतात आणि पारा चाळिशी ओलांडतो. शाळेच्या सुट्टीत जायचंच असेल तर मेच्या पहिल्या पंधरवड्यात उरका.

ताश्कंद शेवटी ठेवलंत तर एखादी गाडी चुकली तरी विमान चुकत नाही. एक दिवस पुरतो: चोरसू बाजार, मेट्रोची सजवलेली स्थानकं (२०१८पर्यंत तिथे फोटो काढायला बंदी होती), आणि लालबहादूर शास्त्रींचा पुतळा. जानेवारी १९६६च्या ताश्कंद वाटाघाटींना संरक्षणमंत्री म्हणून यशवंतराव चव्हाणही गेले होते, हे मुलांना तिथे उभं राहून सांगता येईल. घड्याळ भारताच्या अर्धा तास मागे आहे, विमानाची वेळ स्थानिक धरा. उरलेले सोम विमानतळावर जाण्याआधी बाजारातच बदामा-जर्दाळूंवर संपवून टाका, इथे आल्यावर ते बदलून मिळणं कठीण.