वर्षाचे पैसे भरण्याआधी लाईन अशी तपासा

नाशिकमध्ये सिडको ते पाथर्डी फाटा या पट्ट्यात मी केबलचं काम करतो. आधी टीव्हीची ओढली, आता इंटरनेटची फायबर. गिऱ्हाईक पहिलं विचारतं, "किती एमबीपीएस?" तो आकडा विकायला सोपा, म्हणून आम्हीही तोच सांगतो.

आता आतली गोष्ट. एका फायबरला स्प्लिटर (एका लाईनच्या अनेक फांद्या करणारी डबी) लावून आम्ही 32 किंवा 64 घरं जोडतो. जीपॉन (घरोघरी फायबर देण्याची नेहमीची पद्धत) असेल तर या सगळ्यांत मिळून डाउनलोड साधारण 2.5 जीबीपीएस. 64 घरांना शंभर-शंभर एमबीपीएस विकले की होतात 6.4 जीबीपीएस. यात लबाडी नाही. सगळे एकाच वेळी ओढत नाहीत, म्हणूनच बिल परवडतं. शंभर फक्त स्वतःसाठी हवेत तर लीज लाईन, म्हणजे कुणाशी न वाटलेली लाईन, घ्या. भाव मात्र बसून ऐका.

खरी कसर वरच्या बँडविड्थमध्ये, म्हणजे ऑपरेटर स्वतः बाहेरून जे नेट घेतो त्यात, निघते. गुगल, नेटफ्लिक्स मोठ्या इंटरनेट कंपन्यांच्या नेटवर्कमध्ये आपले कॅश सर्व्हर (व्हिडिओंची प्रत जवळ ठेवणारे) फुकट बसवतात. बाकीच्यांना तोच माल मुंबईच्या एक्स्चेंजवरून, जिथे नेटवर्क एकमेकांना जोडतात, स्वस्तात मिळतो. परदेशी ट्रॅफिकसाठी ट्रान्झिट, म्हणजे मोठ्या नेटवर्कमधून बाहेर जायची वाट, विकत घ्यावं लागतं, आणि तिथेच ऑपरेटरचा हात आखडतो. म्हणून यूट्यूब झकास चालतं आणि पोराचं जर्मनीच्या ऑफिसचं व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कशी घरून जोडणारी सोय) रडतं.

तपासायचं असं. आधी एकच महिना भरा. लॅपटॉप लॅनच्या वायरने राउटरला जोडा. वायफायवरची टेस्ट कुणी दाखवली तर मी बघतसुद्धा नाही. स्पीडटेस्ट आपोआप जवळचा सर्व्हर धरतं, तो बऱ्याचदा कंपनीच्याच नेटवर्कमधला असतो. सर्व्हर हाताने बदला: मुंबई, सिंगापूर, फ्रँकफर्ट. सकाळी सातला एकदा, रात्री दहाला एकदा. लांबचा सर्व्हर थोडा कमी दाखवणारच, त्यावरून भांडू नका. सकाळ-रात्रीतला फरक बघा. रात्री मुंबईही पडली तर गर्दी आपल्याच भागात किंवा मुंबईपर्यंतच्या लाईनवर आहे. मुंबई ठीक आणि बाहेरचे दोन्ही झोपले, तर ट्रान्झिट अपुरं.

लाइनमन आला की पॉवर मीटर लावायला सांगा, फायबरमधून घरापर्यंत किती उजेड पोचतो ते तो डीबीएममध्ये दाखवतो. उणे 20 डीबीएमच्या आसपास छान. उणे 27 च्या पलीकडे गेलं की लाईन तुटक चालते.

आणखी एक विचारा: मुंबईकडे दुसरा रूट आहे का? 2027 च्या कुंभासाठी रस्ते उकरले की फायबर तुटणारच, जेसीबीवाला विचारून खोदत नाही.

मग तीन महिन्यांचा प्लॅन घ्या, बाराचा नको. जाहिरातीतल्या भावात 18 टक्के जीएसटी बहुधा धरलेला नसतो. 499 चा प्लॅन 589 ला पडतो.