देकार्त ते कांट: या चुका टाळा

सतराव्या-अठराव्या शतकातलं युरोपीय तत्त्वज्ञान शिकणाऱ्यांची सगळ्यांत लाडकी चूक म्हणजे दोन रकान्यांचा तक्ता. डावीकडे बुद्धिवादी, म्हणजे ज्ञानाचा पाया बुद्धीत मानणारे: देकार्त, स्पिनोझा, लायब्निझ. उजवीकडे अनुभववादी, म्हणजे तो पाया इंद्रियानुभवात मानणारे: लॉक, बर्कली, ह्यूम. खाली भांडण मिटवायला कांट. गाइडात तोच, वहीत तोच, उत्तरपत्रिकेतही तोच. मग अनुभववादी लॉक 'मानवी आकलनाविषयी निबंध' या आपल्या ग्रंथाच्या चौथ्या खंडात निव्वळ तर्कानं ईश्वराचं अस्तित्व सिद्ध करून दाखवतो, ते कुठे कोंबणार? देकार्त कसायाकडून जनावरांचे अवयव आणून घरी चिरून बघायचा, ते? ही वाटणी कांटनंतरच्या इतिहासकारांनी रूढ केली. मी तक्ता काढतो, पण वाचून झाल्यावर, आणि पेन्सिलीनं.

दुसरी चूक म्हणजे मूळ ग्रंथ न बघता अवतरण देणं. ती मी स्वतः केली आहे, देकार्तच्या 'चिंतने' (मेडिटेशन्स) या ग्रंथाबाबत. एम.ए.ला असताना सेमिनारमध्ये ऐटीत म्हणालो, "देकार्त 'चिंतनां'त म्हणतो, मी विचार करतो, म्हणून मी आहे." सरांनी पुस्तक पुढे सरकवलं. "दाखव बघू." दहा मिनिटं पानं उलटत होतो, मागचे बाक खुसखुसत होते. त्या सहा चिंतनांत ते वाक्य नाहीच! ते त्याच्या १६३७च्या फ्रेंच ग्रंथात ('डिस्कोर्स ऑन मेथड') आहे, १६४४च्या लॅटिन ग्रंथात ('प्रिन्सिपल्स ऑफ फिलॉसॉफी') आहे. १६४१च्या 'चिंतनां'त तो एवढंच म्हणतो की 'मी आहे' हे मी जेव्हा जेव्हा उच्चारतो किंवा मनात आणतो, तेव्हा ते खरं असतंच. 'म्हणून' गायब. आणि सगळा वाद त्या 'म्हणून'चाच: हे अनुमान आहे, की थेट उमगलेलं? गाइडातून वाक्य उचलणाऱ्याला हा प्रश्न पडतच नाही. तेव्हापासून ग्रंथ आणि साल लिहिल्याशिवाय मी एकही अवतरण वहीत घेत नाही.

मराठी शब्दांवर विसंबू नका. लॉकची 'कल्पना' म्हणजे मनोराज्य नव्हे. बर्फाचा गारवा जाणवतो, तीही त्याच्या लेखी कल्पनाच. स्पिनोझाचं 'द्रव्य' म्हणजे पैसा नव्हे आणि आपल्याकडच्या वैशेषिक दर्शनातल्या नऊ द्रव्यांपैकीही नव्हे. त्याच्याकडे द्रव्य म्हणजे जे स्वतःच्याच आधारावर असतं ते, आणि ते एकच.

आक्षेप गाळू नका. हॉब्ज, आर्नो, गासांदी या समकालीन विचारवंतांचे आक्षेप देकार्तनं उत्तरांसह 'चिंतनां'बरोबरच छापले. अशरीरी मन शरीराला हलवतं कसं, हे बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिनं १६४३मध्ये त्याला पत्रातून विचारलं. त्यावर अजून कुणी तिचं समाधान केल्याचं मला दिसलेलं नाही.

कांटपासून सुरुवात करू नका. तो ह्यूमला उत्तर देतो, म्हणून आधी ह्यूमचा मानवी आकलनावरचा १७४८चा छोटा ग्रंथ वाचा. दहा मिनिटांच्या व्हिडिओत कांट समजला म्हणणाऱ्यांना मी विचारतो, कुठला? 'शुद्ध बुद्धीच्या चिकित्से'च्या १७८१च्या पहिल्या आवृत्तीतला की १७८७च्या दुसऱ्या?